इलियड वाचन नोंदी : 24 सर्ग, एक वही, अडीच महिने

1 जुलै 2024

एम.ए. पार्ट वनला क्लासिकल लिटरेचरचा पेपर घेतलाय आणि त्यात होमरचं इलियड आहे, म्हणजे ग्रीक आणि ट्रॉयच्या युद्धावरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य, निवडक उतारे नाही, सगळंच्या सगळं. मला ग्रीक येत नाही, इंग्रजी भाषांतरातूनच वाचणार. 24 भाग आहेत, इंग्रजीत त्यांना बुक म्हणतात पण पुस्तक आणि बुक असा घोळ नको म्हणून मी इथे सर्ग लिहीन. मूळ ग्रीक ओळी 15,693. प्लॅन असा की रोज एक सर्ग, 24 दिवसांत संपवायचं आणि जुलैअखेर टिपणं काढायची. नोंदी ठेवतेय कारण मी शोधलं तेव्हा थिअरी भरपूर मिळाली, पण वाचायला बसल्यावर माणूस नेमका कुठे अडतो हे सांगणारं काही सापडलं नाही.

आज सर्ग 1 झाला, 611 ओळी, अडीच तास. अपोलोच्या पुजाऱ्याची मुलगी परत देत नाहीत म्हणून ग्रीक छावणीत रोगराई, चिता विझत नाहीत, मग ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन आणि त्यांचा सगळ्यांत मोठा योद्धा अकिलीज यांचं भांडण, अगामेम्नॉन दूत पाठवून अकिलीजला लुटीत मिळालेल्या ब्रिसीसला त्याच्या तंबूतून नेतो आणि अकिलीज लढाईच सोडून बसतो. एकदम पकड घेतं. वाटलं हे जमणार.

4 जुलै

नाही जमलं. सर्ग 2 मधे तीन दिवस गेले. पहिला अर्धा भाग ठीक आहे पण 484 व्या ओळीनंतर जहाजांची यादी सुरू होते, कुठल्या गावाहून कोण आलं आणि किती जहाजं घेऊन आलं, 29 तुकड्या, बेरीज केली तर 1,186 जहाजं, आणि पानंच्या पानं नुसती गावांची नावं. दोनदा झोप लागली. शेवटी यादी सोडली आणि सर्ग 3 ला गेले. पुढे लागली तर बघू.

दुसरा घोळ पुस्तकाचा. पैसे वाचवायचे म्हणून नेटवर फुकट मिळणारं सॅम्युअल बटलरचं 1898 चं गद्य भाषांतर घेतलं होतं. इंग्रजी सरळ आहे, वाचता येतं, पण त्यात देवांची नावं रोमन आहेत, म्हणजे झ्यूसला जोव्ह, हेराला जुनो, अथीनाला मिनर्व्हा, ओडिसियसला युलिसिस. वर्गात मॅडम ग्रीक नावं घेतात आणि माझ्या टिपणांत रोमन, दोन्ही जुळवण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. फुकटचं वाचायचं असेल तर आधी देवांच्या नावांचा तक्ता करून पुठ्ठ्याला चिकटवा, मी तो नंतर केला.

9 जुलै

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत रिचमंड लॅटिमोरचं भाषांतर मिळालं, 1951 चं, प्रत जुनी, कडा पिवळ्या, 320 रुपये. वर्गात बहुतेकांकडे रॉबर्ट फेगल्सचं 1990 चं आहे. ते वाचायला जास्त वेगवान आहे हे खरं, पण त्यातले ओळींचे आकडे त्याचे स्वतःचे आहेत, मूळ ग्रीकशी जुळत नाहीत. मॅडम "सहावा सर्ग, ओळ 146" म्हणाल्या की फेगल्सवाले पानं उलटत राहतात. लॅटिमोरने ओळीला ओळ ठेवलीय त्यामुळे लगेच सापडतं. परीक्षेसाठी वाचत असाल तर हा एकच मुद्दा खर्च वसूल करतो.

आता नावं. यात माझे चार दिवस गेले म्हणून नीट लिहिते. ग्रीकांना इथे ग्रीक म्हणतच नाहीत, अकियन, आर्गाइव्ह, डनाअन अशी तीन नावं आहेत आणि तिन्ही एकच. ट्रॉय म्हणजेच इलिऑस. पॅरिस आणि अलेक्झांड्रॉस हा एकच माणूस, मी सर्ग 3 अर्धा होईपर्यंत त्यांना दोन भाऊ समजत होते आणि जिच्यामुळे युद्ध पेटलं त्या हेलनचा नवरा नक्की कोणता ते कळेना. एजॅक्स मात्र खरंच दोन आहेत, मोठा टेलामॉनचा आणि दुसरा ऑइलियसचा. शिवाय बापाच्या नावावरून हाक मारतात, अट्रायडीज म्हणजे अट्रियसचा मुलगा, तो कधी अगामेम्नॉन असतो कधी त्याचा भाऊ मेनेलाओस. आपण कौंतेय वाचल्यावर संदर्भाने ओळखतो ना की भीम की अर्जुन, तसंच आहे, फक्त आपल्याला भीमार्जुन लहानपणापासून माहीत असतात आणि इथे सगळे अनोळखी.

14 जुलै

सर्ग 3 आणि 4 संपले असं मी समजत होते. आज वर्गात विचारलं की सर्ग 4 मधला कुठला मृत्यू लक्षात राहिला. मला एकही सांगता आला नाही. मी लढाईचे भाग नुसते नजरेखालून घालत होते, अमक्याने तमक्याला भाला मारला, डोळ्यांपुढे अंधार आला, पुढचा. मला वाटायचं हे सगळं मधलं भरताड आहे आणि खरी गोष्ट अकिलीजची.

मॅडमनी सिमोइसियस वाचून दाखवला. सर्ग 4, ओळ 473 पासून, जेमतेम 16 ओळी. त्याची आई तिच्या आईवडिलांबरोबर मेंढ्या बघायला इडा डोंगरावर गेली होती, उतरताना सिमोइस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून मुलाचं नाव सिमोइसियस. मोठ्या एजॅक्सचा भाला छातीत लागतो आणि तो पडतो, पाणथळ जागेत वाढलेला पॉप्लर रथकाराने चाकाची कड वाकवायला तोडावा तसा, आणि मग ते झाड नदीकाठी वाळत पडलेलं असतं. आईबापांनी वाढवलं त्याची फेड त्याच्या हातून झाली नाही. एवढंच. नंतर त्याचं नाव कुठेच नाही.

हे मी वाचलं होतं, म्हणजे माझे डोळे या ओळींवरून गेले होते, आणि मला काहीही दिसलं नव्हतं.

संध्याकाळी 200 पानी वही आणली, 65 रुपये. रकाने पाडले: क्रमांक, नाव, बाप, गाव, कोणी मारलं, सर्ग आणि ओळ, आणि शेवटचा रुंद रकाना "एक गोष्ट". मरणारा प्रत्येक माणूस, ज्याचं नाव दिलंय तो, वहीत जाणार. सर्ग 4 परत सुरुवातीपासून. क्रमांक 1 एकेपोलस, त्याला अँटिलोकस मारतो, ओळ 457. रोज एक सर्ग हा प्लॅन रद्द.

21 जुलै

सर्ग 5. 909 ओळी, 24 मधला सगळ्यात लांब. वहीसकट साडेसात तास लागले, तीन बैठकांत. ग्रीकांचा डायोमिडीज एकामागून एक माणसं मारत सुटतो.

चूक: मी पहिले 12 मृत्यू दोन वेगळ्या माणसांच्या नावावर लिहिले, काही डायोमिडीज आणि काही "टायडियसचा मुलगा". तो एकच आहे. खाडाखोड झाली. मारणाऱ्याच्या रकान्यात कायम एकच ठरलेलं नाव लिहा, पुस्तकात त्या ओळीला काहीही छापलेलं असो.

या सर्गातला जो माझ्या डोक्यातून जात नाही तो फेनॉप्स. तो स्वतः मरत नाही. त्याची उतारवयात झालेली दोन मुलं, झँथस आणि थोऑन, दोघंही डायोमिडीज मारतो, ओळ 152 पासून. म्हातारा घरी आहे, दुसरं मूल नाही, आणि त्याची मालमत्ता भाऊबंद वाटून घेतात. एका ओळीत वाटणी. आमच्या गावात अशी घरं मी बघितलीत, म्हणून ती ओळ वाचून मी थांबलेच.

फेरेक्लस पण लिहून ठेवा, ओळ 59. हेलनला आणायला पॅरिस ज्या जहाजांतून गेला ती यानेच बांधली होती. सुतारकामात निष्णात, कशासाठी बांधतोय हे माहीत नव्हतं.

25 जुलै

पावसाने कॉलेज बंद. काल येताना बॅग आतपर्यंत भिजली आणि वहीची पहिली 9 पानं फुटली, जेल पेनने लिहिलं होतं त्यामुळे शाई पसरून निळा डाग झालाय. पुस्तक बचावलं कारण ते प्लास्टिकमधे होतं. दोन संध्याकाळी बसून सर्ग 4 आणि 5 परत काढले. आता बॉलपेन, आणि दर रविवारी मोबाइलवर फोटो. रूममेट म्हणाली एक्सेलमधे टाक ना, टाकून बघितलं, पण टाइप करताना मी परत नुसतं नाव आणि ओळ भरायला लागले आणि "एक गोष्ट" रकाना रिकामा राहायला लागला. हाताने लिहिताना वेळ जातो आणि तोच वेळ हवाय. वहीच ठेवली.

28 जुलै

सर्ग 6. ट्रॉयचा मुख्य योद्धा हेक्टर आणि त्याची बायको अँड्रोमॅकी वेशीपाशी भेटतात आणि बाळ बापाच्या शिरस्त्राणावरचा तुरा बघून रडतं, हे सगळ्यांना माहीत असतं, वर्गातही यावरच तास झाला. मी वहीमुळे आधीच 12 व्या ओळीपाशी अडकले होते. अ‍ॅक्झिलस, अरिस्बे गावचा. रस्त्याला लागून घर, येईल त्या प्रत्येकाला जेवायला घालायचा, सगळ्यांना जवळचा. आणि त्या सगळ्यांपैकी एकजण त्या दिवशी त्याच्या पुढे उभा राहिला नाही. डायोमिडीजने त्याला मारला आणि त्याचा सारथी कालेसियसलाही.

याच सर्गात थोडं पुढे डायोमिडीज आणि ग्लॉकस एकमेकांना घराणं विचारतात, आजोबांच्या काळचा पाहुणचार निघतो आणि लढणं सोडून चिलखतं बदलतात. म्हणजे तोच डायोमिडीज, तोच सर्ग, एका ठिकाणी पाहुणचाराचं नातं माणसाला वाचवतं आणि दुसऱ्या ठिकाणी शेकडो लोकांना जेवू घातलेलं कामी येत नाही. हे दोन प्रसंग शेजारी ठेवलेत ते उगाच नसणार. मी हे वर्गात बोलले, पहिल्यांदाच स्वतःहून काही बोलले असेन.

3 ऑगस्ट

सर्ग 7, 8, 9. वेग जरा आला, दीड ते दोन दिवसांत एक सर्ग.

सर्ग 8 मधे गॉर्जिथिऑन, ट्रॉयचा राजा प्रायमचा मुलगा. बाण हेक्टरवर सोडलेला असतो, याला लागतो. मान एका बाजूला कलते, बागेतलं अफूचं बोंड दाण्यांनी आणि पावसाने जड होऊन कलतं तशी.

सर्ग 9 मधे मरणं नाहीत, वही बंद. अकिलीजला मनवायला ओडिसियस, एजॅक्स आणि म्हातारा फीनिक्स जातात. इथे एक गोष्ट कळली ती शाळेत संस्कृत घेतलेल्यांना लगेच समजेल. ग्रीकमधेही द्विवचन आहे, आणि ही मंडळी तीन असूनही मूळ कवितेत काही ओळींत त्यांच्यासाठी द्विवचन वापरलंय. यावर अभ्यासकांचा खूप वाद आहे. इंग्रजीला द्विवचनच नाही त्यामुळे भाषांतरात हा प्रश्न दिसतही नाही. आणि ओळ 413, अकिलीज म्हणतो इथे राहून लढलो तर घरी जाणं संपलं पण "क्लेओस अफ्थितोन" मिळेल, न संपणारी कीर्ती. ऋग्वेदात 1.9.7 मधे इंद्राकडे "श्रवः ... अक्षितम्" मागितलंय. क्लेओस आणि श्रवस्, अफ्थितोन आणि अक्षितम्, शब्द मुळात एकच. अडाल्बर्ट कून यांनी 1853 मधे हे दाखवलं होतं. मी रात्री साडेबाराला रूममेटला उठवून सांगितलं, ती ऐकून परत झोपली.

8 ऑगस्ट

वाचन बंद ठेवून तीन संध्याकाळी फक्त पहिली ओळ ग्रीकमधून म्हणायला शिकले. अभ्यासक्रमात नाही, पण वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

छंदाचं नाव डॅक्टिलिक हेक्झामीटर. इंग्रजी पुस्तकांत समजावलेलं डोक्यावरून गेलं, मग लक्षात आलं की डॅक्टिल म्हणजे गुरु लघु लघु, आपला भ गण. ओळीत सहा घास, प्रत्येक घास भ गण नाहीतर दोन गुरु, शेवटचा दोन अक्षरांचा. यमाताराजभानसलगं येत असेल तर निम्मं काम झालेलं आहे. "मेनिन अएइदे थेआ पेलेइअदेओ अखिलेओस". तोडायचं असं: मे-नि-न, एइ-दे-थे, आ-पे, ले-इ-अ, देओ-अ-खि, ले-ओस. पाचव्या घासात देओ हे एकच अक्षर धरायचं, मी दोन धरत होते आणि ओळ सारखी लांबत होती, एक संध्याकाळ त्यातच गेली.

उच्चारातही आपला फायदा आहे. जुन्या ग्रीकमधले फ, थ, ख हे आपल्यासारखेच महाप्राण होते. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते मुद्दाम शिकावे लागतात, आपल्याला फळ, थंडी, खडू म्हणता येतं म्हणजे येतात.

पहिला शब्द "मेनिन", म्हणजे क्रोध. पूर्ण काव्य त्या शब्दाने उघडतं.

15 ऑगस्ट

सर्ग 10, 11, 12. सर्ग 10 रात्रीच्या हेरगिरीचा आहे, पटकन होतो. सर्ग 11 मधे म्हातारा नेस्टर अकिलीजच्या जिवलग मित्राला, पॅट्रोक्लसला, आपल्या तरुणपणीची इतकी लांब गोष्ट सांगतो की मी वाट चुकले, पण ती सोडू नका, तिच्या शेवटी तो जे सुचवतो त्यातूनच पुढे पॅट्रोक्लस मरतो.

वहीत आलेला इफिडॅमस, 11 व्या सर्गात 221 पासून. आजोळी वाढलेला, थ्रेसमधे. आईच्या वडिलांनी त्याला जाऊ द्यायचं नाही म्हणून आपलीच मुलगी दिली, म्हणजे नात्याने मावशीच, हे दोनदा वाचून खात्री केली. लग्न झालं आणि तो लगेच युद्धाला निघाला. मुलीसाठी 100 गुरं आधी दिली होती आणि 1,000 शेळ्यामेंढ्या द्यायचं कबूल केलं होतं. बायकोचं सुख काही बघितलं नाही, एवढं दिलं तिच्यासाठी, असं होमर म्हणतो. थोरला भाऊ कोऑन त्याचा पाय धरून प्रेत ओढून न्यायला बघतो आणि त्याच प्रेतावर मारला जातो. दोन क्रमांक, एक बाप, अँटेनॉर.

20 ऑगस्ट

आज तीन तास वहीच्या मागे गेले आणि चूक माझी नव्हती.

सर्ग 13, ओळ 643 पासून हार्पेलिऑन मरतो, ट्रॉयच्या बाजूने लढणारे पॅफ्लॅगोनियन लोक त्याला रथात घालून ट्रॉयकडे नेतात आणि मागून त्याचा बाप पिलेमेनीज रडत चालतो, मुलाच्या बदल्यात त्याला काहीच मिळालं नाही. मी बापाचं नाव रकान्यात लिहिलं आणि ओळखीचं वाटलं. मागे गेले. पिलेमेनीज, पॅफ्लॅगोनियनांचा नायक, सर्ग 5, ओळ 576, मेनेलाओसने मारला. मेलेला माणूस मुलाच्या प्रेतामागून चालतोय.

आधी वाटलं भिजलेली पानं परत लिहिताना मीच चुकले. पुस्तक तपासलं, बटलर तपासला, फेगल्सवाल्या मैत्रिणीला फोन केला. सगळीकडे तसंच. मग मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या हा प्रसिद्ध विसंगतीचा नमुना आहे, जुन्या काळापासून भाष्यकार यावर लिहीत आलेत. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियात गाणाऱ्यांची हजारो ओळींची वीरगीतं ध्वनिमुद्रित केली, आणि त्यातून तोंडी रचनेची पद्धत समजली. गाता गाता रचणाऱ्याला आठ सर्ग मागे कोण मेला ते बघायला वही नसते.

मला मात्र ती चूक काढून टाकावीशी वाटत नाही. गाणाऱ्याला त्या क्षणी मुलामागे चालणारा बाप हवा होता आणि त्याने आणला. वहीत दोन्ही नोंदी ठेवल्यात, लाल शाईने जोडून.

जाता जाता, एकाच नावाची वेगवेगळी माणसं असतात. अड्रेस्टस सर्ग 6 मधे मरतो आणि सर्ग 16 मधे परत, ती खरंच दोन माणसं आहेत. झँथस तर माणूस, घोडा आणि नदी तिन्ही आहे. बापाचा रकाना म्हणूनच लागतो.

27 ऑगस्ट

सर्ग 14 ते 17. सर्ग 16, पॅट्रोक्लसचा, मैत्रिणीकडून एमिली विल्सनचं 2023 चं भाषांतर दोन दिवस आणून मोठ्याने वाचला, ते आयँबिक पेंटामीटरमधे, म्हणजे इंग्रजीतल्या पाच ठेक्यांच्या छंदात आहे आणि तोंडात बसतं. 867 ओळी. घसा बसला. वहीसाठी परत लॅटिमोर. लायब्ररीच्या दुसऱ्या एका पुस्तकाचा 40 रुपये दंड झाला कारण इलियडमुळे ते परत करायचं राहिलं.

सर्ग 17 मधे अकिलीजचे घोडे पॅट्रोक्लससाठी रडतात, माना खाली घालून, आयाळ धुळीत. माझी इथे दोन दिवस पुढे जायची इच्छा झाली नाही, वेळापत्रक परत ढासळलं.

4 सप्टेंबर

18 ते 21. अकिलीजच्या नव्या ढालीचं वर्णन घाईत वाचलं, परत वाचायचंय. 19 सगळ्यात छोटा, 424 ओळी.

सर्ग 20, ओळ 407, पॉलिडोरस. प्रायमचा सगळ्यात धाकटा, लाडका, बापाने लढायला बंदी केली होती. पळण्यात सगळ्यांत वेगवान, ते दाखवायला पुढच्या फळीतून पळत सुटला आणि अकिलीजने पाठीत मारला.

सर्ग 21, ओळ 34, लायकेऑन. पॉलिडोरसचा सख्खा भाऊ, आई एकच, लाओथोई. याला अकिलीजने आधी एकदा पकडलं होतं, रात्री बापाच्या बागेत अंजिराच्या फांद्या तोडत असताना, रथाची कड करायला. लेम्नॉसला विकलं, एका स्नेह्याने सोडवलं, तो घरी पोचला. 11 दिवस आपल्या माणसांत आनंदात काढले. बाराव्या दिवशी परत अकिलीजच्याच हाती. लायकेऑन त्याचे गुडघे धरतो, दुसऱ्या हाताने भाला धरून ठेवतो, म्हणतो मी हेक्टरच्या आईचा नाही, मला सोड. अकिलीज त्याला "मित्रा" म्हणतो. मित्रा, तूही मर, रडतोस कशाला, पॅट्रोक्लसही मेला, तो तुझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. आणि मलाही मरण आहेच, सकाळी, संध्याकाळी नाहीतर भर दुपारी. लायकेऑन भाला सोडतो आणि दोन्ही हात पसरून बसतो.

मी "एक गोष्ट" रकान्यात पाऊण पान लिहिलं. रकाना पुरला नाही.

9 सप्टेंबर

गणपतीला गावी आलेय. सर्ग 22 घरी वाचला.

वहीचा खरा उपयोग आज झाला. हेक्टर एकटा वेशीबाहेर उभा आहे आणि म्हातारा प्रायम तटावरून त्याला आत बोलावतोय, आणि बोलता बोलता म्हणतो, ओळ 46, माझी दोन मुलं मला दिसत नाहीयेत, लायकेऑन आणि पॉलिडोरस. जिवंत असतील छावणीत तर सोने देऊन सोडवून आणू.

त्याला माहीत नाही. मला माहीत होतं, ओळीच्या आकड्यासकट. जुलैतल्यासारखी वाचत राहिले असते तर ती नुसती दोन नावं गेली असती.

पुढे हेक्टर पळतो, अकिलीज मागे, आणि ते दोन झऱ्यांपाशी येतात, एक गरम पाण्याचा आणि एक गारेसारखा थंड. तिथे धुणं धुवायच्या दगडी कुंड्या आहेत, ट्रॉयच्या बायका आणि मुली तिथे कपडे धुवायच्या, पूर्वी, ग्रीक यायच्या आधी. जीव घेऊन पळणं चालू असताना होमर धुण्याच्या दगडांपाशी थांबतो.

रात्री आजीने विचारलं एवढं काय वाचतेस, म्हणून तिला मराठीत सांगत गेले. हेक्टर मेला हे वेशीवर सगळ्यांनी बघितलं, पण अँड्रोमॅकी घरात आतल्या खोलीत विणत बसलीय, तिला कुणी सांगितलेलं नाही, तिने दासींना मोठं भांडं चुलीवर चढवायला सांगितलंय, हेक्टर लढून आला की आंघोळीला गरम पाणी हवं म्हणून. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग ते पाणी उतरवलं कुणी गं?" मी पुस्तक उघडून बघितलं. त्यानंतर पाण्याचा उल्लेख नाही.

12 सप्टेंबर

सर्ग 23. पॅट्रोक्लसच्या चितेवर अकिलीज 12 ट्रोजन तरुण मारतो, ओळ 175. नदीतून जिवंत धरून आणलेले, सर्ग 21 मधे. त्यांची नावं नाहीत, बाप नाहीत, गावं नाहीत. मी फक्त नाव असलेले लिहायचे ठरवलं होतं. 12 रिकाम्या ओळी सोडल्यात, सर्ग आणि ओळ तेवढं लिहून. मग शर्यती, 600 च्या वर ओळी, रथांची शर्यत मस्त आहे.

14 सप्टेंबर

सर्ग 24, 804 ओळी, एका बैठकीत, पहाटे चारपर्यंत. प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो, अकिलीजचे गुडघे धरतो आणि हातांचं चुंबन घेतो, ज्या हातांनी त्याची कितीतरी मुलं मारली ते हात. दोघंही रडतात, प्रायम हेक्टरसाठी आणि अकिलीज कधी आपल्या बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीज विचारतो अंत्यविधीला किती दिवस हवेत. नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी माती, बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागलं तर. वाचताना मी आपोआप दहावं, अकरावं, बारावं असे आपले दिवस मोजत होते.

लाकडी घोडा नाही. अकिलीजचं मरणही नाही, ट्रॉय पडतही नाही. मी शेवटपर्यंत घोड्याची वाट बघत होते, तुम्ही बघू नका, हेक्टरच्या अंत्यविधीवर संपतं.

22 सप्टेंबर

हिशोब: पुस्तक 320, वही 65, पेनं 30, दंड 40, एकूण 455 रुपये. वेळ साधारण 110 तास, त्यातले 20 तरी चुका निस्तरण्यात. ठरवले होते 24 दिवस, झाले 76.

एकच काम राहिलं होतं, सर्ग 2 ची यादी. काल बसून सगळी वाचली, चार तास, आणि यावेळी झोप आली नाही कारण यातले अर्धे लोक माझ्या ओळखीचे आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही गावांची नावं होती, आता मला माहीत आहे यातला कोण कुठल्या ओळीला पडतो. सिमीचा नीरियस आहे, तीन जहाजं घेऊन आलेला, त्याचं नाव सलग तीन ओळींच्या सुरुवातीला येतं, अकिलीजनंतर सगळ्यांत देखणा पण माणसं थोडी. पुढे त्याचं नाव कुठेच नाही, मेला का जगला कळत नाही. त्याला वहीत घेता येत नाही.

आणि ओळ 695 पासून फिलाकीचा प्रोटेसिलेअस. जहाजावरून सगळ्यांत आधी त्याने उडी मारली आणि तिथेच ट्रॉयच्या बाजूच्या एका डार्डानियन माणसाने मारला, इलियड सुरू व्हायच्या नऊ वर्षं आधी. बायको फिलाकीला, गाल ओरबाडलेली, आणि घर अर्धंच बांधून झालेलं. सर्ग 15 मधे हेक्टर ज्या जहाजाची कड धरतो आणि 16 मधे जे पेटतं ते याचंच जहाज, वहीत मी तिथे नुसतं "प्रो. चं जहाज" लिहून पुढे गेले होते.

तो एकेपोलसच्या आधी यायला हवा. क्रमांक 1 च्या वर जागा नव्हती म्हणून समासात आडवं लिहिलं: प्रोटेसिलेअस, बाप इफिक्लस, गाव फिलाकी, मारणाऱ्याचं नाव दिलेलं नाही, घर अर्धं.